दंतसेतू आणि ओतारी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्या परिसरातील मोहन नगरच्या रहिवाशांना धातुरसाचे सामर्थ्य टनांत मोजण्याची सवय आहे. परंतु ओतकामाची खरी कसोटी कित्येकदा काही ग्रॅमांतच लागते. गेलेल्या दाताची जागा शेजारच्या दातांच्या आधाराने भरून काढणारा दंतसेतू हे त्याचे उदाहरण होय.

कोबाल्ट-क्रोमियमचा रस थिजून निवताना २ टक्क्यांहून थोडा अधिक आकसतो. शिवाय मेणाचा नाजूक आकार प्रतिकृतीवरून उचलताना वाकण्याची भीती असते. म्हणून प्रतिकृतीच उष्णतारोधक द्रव्याची करतात. मेण तिच्यावरच ठेवून भोवती तसेच द्रव्य ओततात. भट्टीत मेण जळून जाते, साचा प्रसरण पावतो आणि धातूचे आकुंचन भरून निघते. यात चूक झाल्यास सेतूखालच्या फटीत कीड शिरते व आधाराचे निरोगी दातही गमवावे लागतात.

हे काम करणारा दंतयांत्रिक मात्र रोग्याच्या दृष्टीआडच राहतो. १९४८ च्या अधिनियमाने त्याच्या नोंदणीची तरतूद केली. पण तेवढ्याने भागत नाही. त्याला धातुशास्त्राचे पद्धतशीर शिक्षण मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी पोलादनगरीहून अधिक योग्य स्थळ कोणते?