घराजवळची मदत घराजवळच राहिली पाहिजे

"निम्हान्समध्ये दाखवलंत का?" बंगळुरूतल्या मराठी घरात एखादं मूल उशिरा बोलू लागलं, किंवा तिसरीत गेलं तरी अक्षरं उलटसुलट लिहीत राहिलं, की पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून येणाऱ्या पहिल्या फोनवर हाच प्रश्न असतो. प्रश्न चुकीचा नाही. होसूर रोडवरच्या त्या संस्थेत मुलांच्या मानसोपचाराचं जे काम चालतं, त्याच्या तोडीचं देशात फार ठिकाणी नाही. पण तिथून आपल्या हातात पडतं ते निदान: एक फाइल, शिक्का, इंग्रजीतला अहवाल आणि पुढची तारीख. निदान एकदा होतं, शिकवावं मात्र रोज लागतं. ते रोजचं काम निम्हान्सने करावं अशी कुणाची अपेक्षाही नाही.

मग ते करतं कोण? आपल्यातल्या बहुतेकांना हे सांगता येणार नाही. कर्नाटकात सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून प्रत्येक शैक्षणिक गटात विशेष मुलांसाठी संसाधन शिक्षक असतात. शाळांतून त्यांना सगळे 'बीआयईआरटी' म्हणूनच ओळखतात. महाराष्ट्रात ज्यांना आपण फिरते विशेष शिक्षक म्हणतो, तेच हे. एका गटात असे मोजकेच शिक्षक आणि त्यांच्याकडे गटातल्या सगळ्या सरकारी शाळा. कुठल्या वर्गात कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, कोण महिनाभर शाळेत आलेलं नाही, हे त्यांनीच हुडकायचं. तपासणी शिबिराला मुलांना न्यायचं, श्रवणयंत्राची मागणी नोंदवायची, आणि जे मूल अंथरुणावरून उठूच शकत नाही त्याच्या घरी जाऊन शिकवलं जाईल हेही बघायचं. अशा मुलांना घरी शिकण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने आला. कायदा दिल्लीत झाला, पण तो यशवंतपूरच्या एका खोलीत पोचतो तो या शिक्षकाच्या दुचाकीवरून.

या मंडळींच्या जोडीला शहरात पुनर्वसन कार्यकर्ते आहेत, म्हणजे यूआरडब्ल्यू. त्यांच्यातले बहुतेक स्वतः अपंग आहेत आणि मानधनावर काम करतात. दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज, पेन्शन, बसपास या सगळ्यासाठी घरोघर जातात ते हेच. आणि मग आहेत छोट्या विशेष शाळा: कुठल्या तरी लेआउटमधल्या घराच्या तळमजल्यावर वीस-पंचवीस मुलं, दोन-तीन विशेष शिक्षिका, आठवड्यातून दोनदा येणारी फिजिओथेरपिस्ट, आणि या सगळ्यांना सांभाळणारी एक आया. ती आया सुटीवर गेली की शाळा अर्धी बंद पडते.

हा लेख या माणसांसाठी आहे. मोठ्या संस्थांना नाव आहे, देणगीदार आहेत, आपल्या बाजूने बोलणारी माणसं आहेत. जे झिजत चाललंय ते हे घराजवळचं जाळं आहे, आणि त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही.

पैशाचं आधी बोलू. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३५०० रुपये धरलेले आहेत. मुलगी असेल तर वरून महिन्याला २०० रुपये विद्यावेतन, तेही १० महिने. बंगळुरूत खासगी स्पीच थेरपीला जाणाऱ्या कुठल्याही आईला विचारा, हे ३५०० किती बैठका पुरतात. व्हाइटफील्डला राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना तो खर्च झेपतो, म्हणून आपण सरकारी वाटेकडे बघितलंच नाही. पण बंगळुरूतले मराठी म्हणजे फक्त आयटीतले नव्हेत. चिकपेट-कॉटनपेटच्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या शिवणकाम आणि कापडाची दुकानं करणारी भावसार, शिंपी, मराठा घरंही याच शहरात आहेत. त्यांच्या मुलाला बीआयईआरटी भेटली तर भेटली, नाही तर कुणीच नाही.

त्यातही ही पदं बव्हंशी कंत्राटी किंवा तात्पुरती, आणि हे दुखणं एकट्या कर्नाटकाचं नाही. उत्तर प्रदेशातल्या विशेष शिक्षकांनी हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात नेला. रजनीश कुमार पांडेय खटल्यात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यायालयाने सांगितलं की सर्वसाधारण शाळांतही विशेष शिक्षकांची कायम पदं हवीत. पुढे प्रमाण ठरलं: प्राथमिकला १० विशेष मुलांमागे १ शिक्षक, त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे १. राज्यं ढिम्म हलली नाहीत. शेवटी ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की पदं मंजूर करा, जाहीर करा, भरा. म्हणजे आपण कुणाकडे दयेची भीक मागत नाही. निकाल आपल्या बाजूने लागून पडलेला आहे. वसुली तेवढी बाकी आहे.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो, आणि तो सभ्य भाषेत येतो म्हणून जास्त घातक आहे. आता समावेशक शिक्षणाचा जमाना आहे, सगळी मुलं एकाच वर्गात बसली पाहिजेत, मग वेगळ्या शाळा, वेगळे शिक्षक, वेगळी केंद्रं कशाला? ऐकायला हे उदार वाटतं. पण चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर एका स्वमग्न मुलाला बसवलं, हजेरीपटावर त्याचं नाव चढवलं आणि मदतीला कुणी दिलं नाही, तर तो समावेश कसला? मुलाला वर्गात बसवलं म्हणजे शिकवलं असं होत नाही. २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने समावेशक शिक्षण मागितलं तेव्हा त्याच कायद्याच्या १७व्या कलमात पुरेशी संसाधन केंद्रं, प्रशिक्षित शिक्षक आणि दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षणही मागितलं. ३१व्या कलमाने ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. दोन्ही वाटा कायद्यातच आहेत. एक वाट दाखवून दुसरी बंद करणं ही काटकसर आहे, तिला तत्त्वाचं नाव देऊ नये.

विशेष शाळांची दुखणी वेगळी. केंद्राची दीनदयाळ योजना आहे, राज्याचं अनुदान आहे. पण आधी खर्च करा, मग कागद पाठवा, मग तपासणी, मग पैसे, असा तो क्रम. मधल्या महिन्यांचं भाडं घरमालक थांबवत नाही. या शहरात दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट मागण्याची रीत आहे, आणि 'असली' मुलं येणार म्हटल्यावर जागा नाकारणारेही आहेत. दरम्यान शिक्षिका जातात. भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी असलेल्या शिक्षिकेला इंटरनॅशनल म्हणवणाऱ्या शाळेत कितीतरी जास्त पगार मिळतो. ती गेली तर तिला दोष देता येत नाही. पण मुलाला मात्र नव्या माणसाच्या डोळ्यांत बघायला पुन्हा सहा महिने लागतात.

आयटीतल्या मित्रांना इथे एक खडा मारून घेतो. कंपनी कायद्यातल्या २ टक्क्यांच्या सीएसआरमधून या शाळांना टॅब मिळतात, भिंतींवर चित्रं रंगवून मिळतात, दारावर देणगीदाराची पाटी लागते. पगार आणि भाडं मात्र मागितलं की 'आमच्या धोरणात बसत नाही'. तुमच्या कंपनीच्या सीएसआर समितीत ओळख असेल तर तिथे एकच आग्रह धरा: तीन वर्षांचा पगार द्या. टॅब नकोत, आहेत ते चार्जसुद्धा होत नाहीत.

मोठं काम छोट्या जागेतूनच सुरू झालं, याला या शहराचाच दाखला आहे. लिंगराजपुरमची असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी, म्हणजे एपीडी, १९५९ साली सुरू झाली. पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या एन. एस. हेमा तिच्या संस्थापकांत होत्या. मुंबईत मिठू अलूर यांनी लेकीच्या शिक्षणापायी १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी उभी केली आणि पुढे इतर शहरांतही तसं काम उभं राहिलं. इंदिरानगरची स्पास्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक आपल्याला माहीत असते. मुंबईच्याही आधी, १९६४ साली, पुण्यात कामायनी ही विशेष मुलांची शाळा निघाली होती. आज ज्यांना आपण 'नामांकित' म्हणतो त्यांनाही पहिली काही वर्षं कुणी तरी जागा दिली होती, कुणी तरी फुकट शिकवलं होतं.

पण नामांकित संस्था आहेत म्हणून गल्लीतलं केंद्र नको असं होत नाही, आणि याचं कारण या शहराचे रस्ते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या बसमध्ये तिकीट नाही. आईचा प्रवास फुकट झाला, छान झालं. पण बनशंकरीहून इंदिरानगर गाठायला दोन बस, वाटेत हॉर्न, गर्दी, ब्रेकचे धक्के. आवाजाने बिथरणारं मूल थेरपीच्या दारात पोचेपर्यंत दमून रडकुंडीला आलेलं असतं. पाऊण तासाच्या थेरपीसाठी चार तास रस्त्यावर. घरकाम किंवा शिवणकाम करणारी आई हे आठवड्यातून किती दिवस करणार? दोन महिन्यांनी ती येणं सोडते, आणि नोंदीत 'पालकांचा प्रतिसाद नाही' असं लिहिलं जातं.

आपल्या घरांपुरती आणखी एक गोष्ट. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी असं असलं की पुष्कळ पालकांना सांगितलं जातं, मूल गोंधळतंय, घरी फक्त इंग्रजी बोला. मग आजी गप्प होते, कारण तिला इंग्रजी येत नाही. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचं बोलणं आणखी लांबतं असं संशोधनातून निघालेलं नाही. आजी बोलू दे. थेरपिस्टला मराठी येत नसेल तर आपल्यातल्या कुणी तरी शेजारी बसून घरात वापरायचे शब्द तिला सांगावेत. त्याला पदवी लागत नाही, आठवड्यातला एक तास लागतो. आणि घराजवळचं केंद्र असेल तरच हे जमतं.

अठरा पूर्ण झाल्यावर काय, यावर खरं तर वेगळा लेख हवा. कायद्याने दिलेलं मोफत शिक्षण तिथे संपतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांच्या पालकांनी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हा पातळीवरच्या समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा, हे किती घरांत माहीत आहे? बंगळुरूत एनेबल इंडिया १९९९ पासून अपंगांना नोकरीसाठी तयार करते, अंबा बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना संगणकावरचं काम शिकवते, एपीडीचं जीवनभीमानगरला बागकाम प्रशिक्षणाचं केंद्र आहे. वाट आहे. पण तिथपर्यंत मुलगा पोचतो तो दहाव्या-बाराव्या वर्षी कुणी त्याला बटण लावायला, पैसे मोजायला, बसचा नंबर वाचायला शिकवलं म्हणून. तो टप्पा गळला तर विसाव्या वर्षी कुठलीही संस्था त्याला पुढे नेऊ शकत नाही.

मग आता काय करायचं? आत्ताच का, याला कारण आहे. २ सप्टेंबर २०२५ पासून बंगळुरू महापालिका एक राहिलेली नाही. मध्य, पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण अशा पाच महापालिका झाल्या आहेत. महाराष्ट्रातल्यासारखाच इथेही नागरी संस्थांनी अंदाजपत्रकातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा नियम आहे. आजवर तो तीनचाकी स्कूटर, वैयक्तिक मदत अशा वाटपांत बराचसा गेला. स्कूटर हवीच, पण सात वर्षांच्या मतिमंद मुलीला तिचा काय उपयोग? नव्या महापालिकांच्या सवयी अजून पडायच्या आहेत. पहिल्या दोन-तीन अंदाजपत्रकांत जे शीर्ष पडेल तेच पुढे वीस वर्षं चालेल. ठाण्यात महापालिका स्वतः 'जिद्द' ही विशेष मुलांची शाळा चालवते; म्हणजे महापालिकेच्या अखत्यारीत हे बसत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला ठाण्याचं उदाहरण द्या.

मागणी सरळ आहे. प्रत्येक महापालिकेने ५ टक्क्यांतून आपल्या हद्दीत संसाधन खोल्या चालवाव्यात, पालिकेच्या रिकाम्या इमारती छोट्या विशेष शाळांना नाममात्र भाड्याने द्याव्यात, आणि राज्याने बीआयईआरटींची पदं न्यायालयाच्या प्रमाणाप्रमाणे कायम करावीत. गेल्या तीन वर्षांत आपल्या भागात हा निधी कशावर खर्च झाला, हे माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जाने विचारता येतं. मूल सरकारी शाळेत असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समितीच्या, बैठकीला जा आणि विशेष शिक्षक शेवटचे कधी आले होते ते नोंदवहीत दाखवायला सांगा. शाळेने प्रवेश नाकारला तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार जाते. एकट्याने जाऊ नका, चार पालक मिळून जा. मत मागायला कुणी दारात आलं की नालीबरोबर हाही विषय काढा.

आणि आपल्या मंडळांचे, ज्ञातिसमाजांचे हॉल कामाच्या दिवशी सकाळी बहुतेक रिकामेच असतात. लग्नाचे मुहूर्त सोडून तीन सकाळी एखाद्या विशेष शाळेला दिल्या तर दहा महिन्यांच्या डिपॉझिटचा प्रश्न एका ठरावात सुटतो. येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा. विरोध होईल, खुर्च्या खराब होतील असं कुणी तरी म्हणेलच. खुर्च्यांची भरपाई देणारे चार जण आधीच गाठून ठेवा.

अर्ज कन्नडमध्ये द्या, त्याची दखल लवकर घेतली जाते. आपल्यात उत्तम कन्नड लिहिणारे पुष्कळ आहेत. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होते. आपले अर्ज पाचही महापालिका आयुक्तांच्या टेबलावर त्याच्या आधी पोचले पाहिजेत, पोच घेऊन.