फूल आणि दोन पाने
गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा सवाल १६ जानेवारी १९६७ रोजी फूल आणि दोन पाने या निशाण्यांखाली रयतेपुढे आला, तेव्हा कौल निःपक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आधीच पायउतार झालेले असूनही, एकमेकांच्या जत्रांना नि फेस्तांना अगत्याने जाणाऱ्या शेजाऱ्यांत असे वितुष्ट आले की मतभेद हाच द्रोह ठरू लागला, आणि याचा विषाद मला आजही वाटतो. कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाविरुद्ध गेला. परंतु त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच मुलखाने विलीनीकरणवादी बांदोडकरांच्या पक्षाकडे कारभार पुन्हा सोपवला, आणि प्रचारसभांतील कोणाही वक्त्याने गृहीत न धरलेला मतदारांचा विवेक, माझ्या मते, तेथे प्रकट झाला.