सुतळीचा पीळ आणि उरलेली गोळी

घरातल्या दहावीच्या मुलाला डीएनएचा आकार विचारा. ‘पिळलेली शिडी,’ असे तो चटकन सांगेल. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे. त्या पिळावर आणखी एक पीळ असतो आणि जिवाणूचे जगणे-मरणे त्यावर अवलंबून असते.

दोन पदरी सुतळी घ्या. एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसऱ्या टोकाने पीळ देत राहा. मग दोन्ही टोके जवळ आणा. सुतळी स्वतःभोवतीच गुंडाळली जाईल. डीएनएच्या अशा गुंडाळण्याला ‘सुपरकॉइलिंग’ म्हणतात; आम्ही त्याला अतिपीळ म्हणू. याने दोन कामे होतात. एक, जागा वाचते. ई. कोलाय या जिवाणूचा डीएनए सरळ केला तर सुमारे दीड मिलिमीटर भरेल आणि जिवाणू स्वतः मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा! दुसरे, बहुतेक जिवाणूंत हा पीळ मूळ वळण सैल करणाऱ्या दिशेचा असतो. त्यामुळे दोन्ही पदर सहज सुटे होतात आणि आतली माहिती वाचता येते.

आता सुतळीचे पदर मधूनच ओढून वेगळे करू पाहा. पुढचा पीळ घट्ट होत जातो आणि हात अडतो. डीएनएची नक्कल होताना हेच घडते. जिवाणूंत ही गाठ सोडवणारे विकर म्हणजे डीएनए गायरेज. मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी ते १९७६ साली शोधले. ते डीएनएचे दोन्ही पदर कापते, डीएनएचाच दुसरा भाग त्या फटीतून पलीकडे नेते आणि काप पुन्हा जोडते.

सिप्रोफ्लॉक्सासिन ही गोळी गायरेजला नेमक्या कापलेल्या अवस्थेत अडकवते. डीएनए तुटतो, जिवाणू मरतो. पण ज्याच्या गायरेजमध्ये थोडा बदल झालेला असतो, तो जिवाणू वाचू शकतो. बाकीचे मेल्यावर त्याचीच पिढी वाढते आणि उद्या खऱ्या गरजेच्या वेळी तीच गोळी चालत नाही.

सर्दी तर विषाणूंमुळे होते. त्यांच्यात गायरेज नसतेच. तेव्हा अम्मीच्या डब्यात उरलेली पट्टी सर्दीसाठी मुलांना किंवा शेजारी कुणाला देऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या आणि त्यांनी सांगितले तितके दिवस घ्या.