गाण्याला राखणदार आहे

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या शाळेतील मुलींनी एका चित्रपटगीताच्या ध्वनिमुद्रिकेवर नृत्य सादर केले. एका हौशी पालकांनी त्याची चित्रफीत घेतली व त्याच रात्री ती आंतरजालावर ठेवली. हातातील चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वीच ती मुकी झाली. मुली नाचताना दिसत होत्या, पुढच्या रांगेत बसलेल्या आज्या दिसत होत्या. गाणे तेवढे गेले होते. या गीताचे हक्क अमक्या कंपनीचे आहेत, अशी सूचना खाली उमटली होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका विद्यार्थिनीचे वडील आम्हांला भेटावयास आले. ते मोटरसायकल पायलट आहेत. शहरातील एका खाजगी शिकवणीवर्गाच्या जाहिरातीत त्यांच्या मुलीचे छायाचित्र 'आमची गुणवंत विद्यार्थिनी' म्हणून झळकत असल्याचे त्यांना एका गिऱ्हाइकाने आपल्या मोबाइलवर दाखविले होते. मुलीने त्या वर्गाची पायरीही कधी चढली नव्हती. छायाचित्र कोठून गेले याचा शोध घेता उत्तर आमच्याच घरात निघाले. आमच्या वार्षिक अंकात वक्तृत्वाच्या पारितोषिकाच्या वार्तेबरोबर तिचे छायाचित्र, पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव ही सारी माहिती आम्ही कौतुकाने छापली होती, आणि कोणालाही उतरवून घेता यावा अशा रीतीने तो अंक शाळेच्या संकेतस्थळावर ठेवला होता. त्या अंकाच्या संपादक मंडळात आम्ही होतो, हे येथे सांगितले पाहिजे.

छायाचित्र काढून टाकविण्यासाठी आम्ही धडपड सुरू केली. वर्गचालक म्हणाले, जाहिरात दुसऱ्याने तयार केली. तो दुसरा म्हणाला, संकेतस्थळाला कळवा. संकेतस्थळाला कळविले, तेव्हा आमच्या नियमांचा भंग झालेला दिसत नाही, असे दोन ओळींचे यांत्रिक उत्तर आले. असे अडीच महिने गेले. एके दिवशी मुलीचे वडील शाळेच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "मास्तर, गीत कोणाचें तें तांकां कळटा, चली कोणाची तें कळना?"

आमच्या गोव्यात प्रत्येक गावाला राखणदार असतो. रात्री-अपरात्री तो हातात दांडा घेऊन शिवेवरून फिरतो आणि वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, अशी आमच्या वाडवडिलांची श्रद्धा. या नव्या मुलखात गाण्याला असा राखणदार मिळाला आहे. मोठ्या संकेतस्थळांकडे ध्वनिमुद्रिकांचे ठसे, बोटांचे घ्यावेत तसे, घेऊन ठेवलेले असतात. नवीन चित्रफीत आली की यंत्र तिचा ठसा त्यांच्याशी ताडून पाहते. माणूस मध्ये येतच नाही. त्या मुलीसाठी असा कोणी जागत नव्हता.

गीताच्या कंपनीने अन्याय केला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या देशाचा स्वामित्वहक्काचा कायदा 1957 सालचा आहे, आणि शाळांच्या बाबतीत तो पुष्कळ उदार आहे. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी नाटक केले, गाणे म्हटले, अथवा ध्वनिमुद्रिका वाजविली, आणि प्रेक्षक म्हणून शाळेची माणसे, पालक व शाळेशी संबंध असलेली मंडळी एवढीच असली, तर तो हक्काचा भंग होत नाही. सभागृहात आमच्या मुली निर्दोष होत्या. चित्रफीत साऱ्या जगापुढे ठेवली तेव्हा आपण उंबरठा ओलांडला. हा उंबरठा मुलांना ठाऊक असावा, म्हणून तो येथे दाखविला.

कुंपण असावे, त्याला फाटकही असावे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्सच्या दुकानावर 2012 साली ऑक्सफर्ड, केंब्रिज व आणखी एका परदेशी प्रकाशनसंस्थेने दावा लावला. प्राध्यापकांनी नेमून दिलेल्या निरनिराळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र करून हा दुकानदार विद्यार्थ्यांना त्यांच्या प्रती देत असे. मूळ ग्रंथांच्या किमती हजारोंत, आणि विद्यार्थ्याला त्यातील वीस पाने हवीत. 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला तो विद्यार्थ्यांच्या बाजूने. स्वामित्वहक्क हा ईश्वरदत्त वा निसर्गदत्त हक्क नव्हे, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनी त्यात काढले. अध्यापनासाठी प्रती काढण्याची मुभा कायद्यातच आहे हे तत्त्व त्याच वर्षी द्विसदस्य पीठानेही मान्य केले, आणि 2017 साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. शाळेसमोरच्या दुकानातून एका धड्याची प्रत काढून आणणाऱ्या मुलाला चोर म्हणणाऱ्यांनी हा निकाल अवश्य वाचावा.

तथापि, याच निकालाचा आधार घेऊन जिवंत लेखकाची अख्खी कादंबरी व्हॉट्सॲपवरून शंभर जणांना पाठविणारे गृहस्थही आम्ही पाहिले आहेत. आमच्याच शिक्षकखोलीत यावरून वाद झाला. "मराठी पुस्तक विकत घेतो कोण? फुकट का होईना, वाचले तर जाते!" असे एक सहकारी म्हणाले. आम्हांला हे पटत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-दोन हजारांची. त्यातील शंभर गिऱ्हाइके गेली, तर दुसरी आवृत्ती निघत नाही; आणि पुस्तक दुर्मीळ झाले म्हणून हेच गृहस्थ पुन्हा हळहळतात.

जे मोकळे आहे ते मात्र आपण घेत नाही. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क चालतात, पुढे ती कृती सर्वांची होते. साने गुरुजी 1950 साली गेले. म्हणून 'श्यामची आई' 2011च्या आरंभापासून कोणीही छापावी, कोणीही आंतरजालावर ठेवावी. केशवसुत आणि बालकवी तर केव्हाचे मोकळे आहेत. आमचे बा. भ. बोरकर 1984 साली गेले, त्यांच्या कवितांवरील हक्क 2044च्या अखेरपर्यंत राहतील, पु. ल. देशपांडे यांच्या लेखनावरील 2060च्या अखेरपर्यंत. आज आठवीत असलेली मुले तेव्हा पन्नाशीच्या घरात असतील. ही मुदत आम्हांला फार लांब वाटते. इंग्लंडात 1710 साली पहिला कायदा झाला, तेव्हा नव्या पुस्तकाला 14 वर्षे आणि लेखक हयात असेल तर आणखी 14 एवढीच मुदत होती.

आपल्या परंपरेत पैशाचा हक्क नव्हता, पण नावाचा होता. अभंग कोणीही उतरवून घ्यावा, कोणत्याही गावात गावा. मात्र शेवटच्या चरणातील तुकोबांचे नाव बदलू नये. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि जो तीत आपली ओवी घुसडील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असा इशारा दिला. आजचा कायदाही लेखकाला आर्थिक हक्कांखेरीज दोन हक्क देतो: कृती आपली असल्याचे सांगण्याचा, आणि आपल्या नावाला बट्टा लागेल असा फेरफार तीत न होऊ देण्याचा. लेखक ते हक्क विकून टाकतो तरीही हे दोन त्याच्याकडे राहतात. निबंध दुसऱ्या कोठून उतरवून खाली आपले नाव घालणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी (ते कोण हे त्यांना व आम्हांला ठाऊक आहे) या हक्काचा विचार करावा.

आता त्या मुलीच्या छायाचित्राचे पुढे काय झाले ते सांगतो. आमचा एक माजी विद्यार्थी कायद्याचे शिक्षण घेत आहे. सारी हकीकत ऐकून तो म्हणाला, "सर, तुम्ही चुकीच्या दारावर थाप मारीत आहात. मुलीची अब्रू, मुलीचा खाजगीपणा असे काही लिहू नका. छायाचित्रकाराला पैसे कोणी दिले?" पैसे शाळेने दिले होते. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचे स्वामित्व, निराळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे असते. तेव्हा शाळेने स्वामित्वहक्काच्या भंगाची तक्रार करावी. अशी तक्रार आल्यापासून 36 तासांत मजकूर रोखावा, अशी तरतूद 2013 सालच्या नियमांत आहे. आम्ही त्याने सांगितल्याप्रमाणे लिहिले. तिसऱ्या दिवशी छायाचित्र नाहीसे झाले.

मुलीच्या वडिलांनी आभार मानले, पण आम्हांला त्या रात्री झोप आली नाही. अडीच महिने मुलगी म्हणून तिला जे मिळाले नाही, ते शाळेच्या मालकीची वस्तू म्हणून तीन दिवसांत मिळाले. छायाचित्रकाराने पैसे घेतले नसते, तर तिच्या चेहऱ्याचा मालक तो ठरला असता. त्या सबंध पत्रव्यवहारात तिचे नाव कोठेच नाही. आम्हीच ते गाळले होते, कारण त्यावाचून काम होत नव्हते.

वास्तविक सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी लावलेल्या खटल्यात, खाजगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आहे. वयाची अट त्यात नाही. गोव्यातील वृद्ध माणसांना या हक्काचे मोल निराळ्या रीतीने ठाऊक आहे. सालाझारच्या राजवटीत येथे लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा आधी सरकारी तपासनिसाला दाखवाव्या लागत. कोणाच्या घरी कोण जेवावयास येणार, हे सरकार वाचीत असे. तो तपासनीस निदान गावाला तोंडओळखीचा असे. आज यंत्रावर पुस्तक वाचणाऱ्या मुलाने किती पाने वाचली, कोठे थांबला, कोणत्या ओळीखाली रेघ ओढली, हे सारे पुस्तक विकणाऱ्या कंपनीला कळू शकते, आणि तपासणाऱ्याचे तोंड कोणालाच दिसत नाही. पुस्तकाला घातलेले कुलूपच वाचकावरचा डोळा झाले आहे. 2009 साली ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. हक्काचा काही घोटाळा झाला होता. त्यांत जॉर्ज ऑर्वेलची '1984' होती, हा योगायोग कोणा कादंबरीकाराला सुचला नसता. आमच्या वडिलांच्या पेटीतील पुस्तके वाळवीने खाल्ली, पण वाळवीने त्यांच्या वाचनाची नोंद ठेवली नाही.

2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांच्या वागण्याचा माग ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात आहे. मुलांविषयीची ही बंधने मोडणाऱ्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावीत अशी त्यांत योजना आहे. शिक्षणाच्या व मुलांच्या सुरक्षिततेच्या कामी शाळांना काही सूट दिली आहे. ती सूट वाचून आम्हांला हायसे वाटले नाही. मुलांची माहिती सैल हाताने उधळण्यात आम्ही शिक्षक कोणा कंपनीपेक्षा मागे नाही. निकालाचा तक्ता नावांसह व्हॉट्सॲपवर कोण टाकतो? शिष्यवृत्तीच्या अर्जाबरोबरची आधारपत्रे सायबर कॅफेच्या संगणकावर कोण ठेवून येतो? पालकांकडून वर्षारंभी जो संमतीचा कागद भरून घेतला जातो, तो आम्ही परवा प्रथमच पूर्ण वाचला. त्यात कशासही नाही म्हणावयास जागा नव्हती.

यंदा तो कागद बदलला आहे. छायाचित्र छापावे काय, अंक आंतरजालावर ठेवताना नाव ठेवावे काय, हे निरनिराळे प्रश्न आहेत, आणि प्रत्येकापुढे 'नाही' असा चौकोन आहे. सहीची जागा पालकांसाठी आहे, तशी मुलासाठीही. संकेतस्थळावरील मागील अंक उतरविले आहेत. काही माजी विद्यार्थ्यांना हे रुचले नाही. दुबईत बसून आपल्या वेळचा अंक पाहता येत नाही, अशी त्यांची तक्रार आली. ती रास्त आहे. त्यांनी पत्र पाठवावे, छापील प्रत टपालाने धाडू.

त्या मुलीला आम्ही विचारले. छायाचित्र नको, असे ती म्हणाली. मग निबंधावरचे नावही गाळावे काय, असे विचारताच ती चमकली. "निबंध मी लिहिलाय, सर. नाव पाहिजे." तो निबंध याच अंकात नावासह छापला आहे. कोणता, ते आम्ही सांगणार नाही.