विश्लेषण : सूर्य मावळला नाही, तरी पृथ्वी सपाटच कशी?

पृथ्वी सपाट असल्याचा प्रचार करणाऱ्या काही यूट्यूबरना डिसेंबर २०२४ मध्ये थेट अंटार्क्टिकावर नेण्यात आले. अमेरिकेतील कोलोरॅडोचे धर्मोपदेशक विल डफी यांनी ही मोहीम आखली होती. सपाट पृथ्वीच्या नकाशात अंटार्क्टिका म्हणजे तबकडीच्या कडेने उभी असलेली बर्फाची भिंत. त्यामुळे तिथे २४ तास सूर्य दिसणे त्या नकाशानुसार अशक्य. प्रत्यक्षात सूर्य मावळलाच नाही. जेरन कॅम्पानेला या प्रसिद्ध प्रचारकाने याबाबत आपण चुकल्याचे कॅमेऱ्यासमोर मान्य केले. त्यावर त्याच्याच अनेक साथीदारांनी चित्रीकरण बनावट आणि तो फितूर असल्याचे जाहीर केले. पुरावा समोर असताना असे का होते?

हा समज प्राचीन काळापासून चालत आला आहे का?

आजची सपाटवादी चळवळ प्राचीन नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने दोन शहरांतील माध्यान्हीच्या सावलीतील फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास पृथ्वी गोल असून स्वतःभोवती फिरते असे मांडले. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात ज्यांच्या घराण्याची नोंद आहे, त्या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (११५०) सपाटवाद्यांच्या आजच्या मुख्य प्रश्नाचे उत्तरही देऊन ठेवले आहे. मोठ्या वर्तुळाचा लहानसा भाग सरळच दिसतो. पृथ्वी प्रचंड, माणूस इवलासा, म्हणून त्याला ती सपाट भासते. कोलंबसाच्या काळातील सुशिक्षितांना पृथ्वी सपाट वाटत होती, ही तर एकोणिसाव्या शतकात रूढ झालेली दंतकथा.

मग ही चळवळ सुरू कुठे झाली?

इंग्लंडमध्ये. सॅम्युअल रोबॉथम यांनी १८३८ मध्ये ‘ओल्ड बेडफर्ड’ या सहा मैल सरळ जाणाऱ्या कालव्यात उभे राहून दूर जाणारी नाव दुर्बिणीतून पाहिली. वक्रतेमुळे ती दिसेनाशी व्हायला हवी होती, पण शेवटपर्यंत दिसली. पाण्यालगतच्या हवेच्या थरांतून जाताना प्रकाश वाकतो आणि क्षितिजापलीकडची वस्तूही दिसू शकते, हे त्यांनी विचारात घेतले नाही. ‘पुस्तकावर नव्हे, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा’ हा त्यांच्या प्रचाराचा गाभा होता. तोच आजही टिकून आहे.

वॉलेस यांची पैज का महत्त्वाची?

पुराव्याने मत बदलत नाही, हे तिने दीडशे वर्षांपूर्वीच दाखवले. रोबॉथम यांचे अनुयायी जॉन हॅम्पडेन यांनी १८७० मध्ये पृथ्वी गोल असल्याचे सिद्ध करणाऱ्यास ५०० पौंड देण्याचे आव्हान दिले. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत डार्विनप्रमाणेच स्वतंत्रपणे मांडणाऱ्या आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ते स्वीकारले. तरुणपणी भूमापनाचे काम केलेल्या वॉलेस यांनी त्याच कालव्यावर पाण्यापासून सारख्या उंचीवर तीन ठिकाणे घेतली : दोन टोकांना दोन पूल आणि मध्यभागी खांब. पाण्याजवळची हवा टाळण्यासाठी ही उंची मुद्दाम जास्त ठेवली. दुर्बिणीतून मधली खूण पलीकडच्या खुणेपेक्षा स्पष्टपणे उंच दिसली. हॅम्पडेन यांच्या पंचानेही दुर्बिणीतून तेच दृश्य पाहिले, पण त्यावरून पृथ्वी सपाट असल्याचा निष्कर्ष काढला! निकाल वॉलेस यांच्या बाजूने लागला. मात्र पैज कायद्याने ग्राह्य नसल्याने हॅम्पडेन यांनी आपले पैसे परत मिळवले. पुढे कित्येक वर्षे ते वॉलेस यांची बदनामी करत राहिले, त्यासाठी तुरुंगातही गेले. मत मात्र सोडले नाही.

यूट्यूबने काय बदलले?

१९५६ मध्ये इंग्लंडमध्ये सपाट पृथ्वीवाद्यांची संस्था स्थापन झाली. पुढे तिचा कारभार कॅलिफोर्नियात गेला, पण अनेक दशके ती हौशी मंडळींपुरतीच होती. साधारण २०१४ नंतर चित्र पालटले. अमेरिकेतील टेक्सास टेक विद्यापीठाच्या ॲशली लँड्रम यांनी सपाट पृथ्वी परिषदांना आलेल्या ३० जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी २९ जणांचे मत यूट्यूबवरील चित्रफिती पाहून बदलले होते. अनेक जण आधी इतर कटकारस्थानांच्या चित्रफिती पाहत होते. त्यातूनच त्यांना या चित्रफिती सुचवल्या गेल्या. जानेवारी २०१९ मध्ये यूट्यूबने अशा चित्रफितींची शिफारस कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा सपाट पृथ्वीच्या दाव्याचा उदाहरण म्हणून उल्लेख केला होता.

मग पुराव्याचा परिणाम का होत नाही?

कारण वाद पृथ्वीच्या आकाराचा उरतच नाही. शास्त्रज्ञ, सरकार, शाळा, ‘नासा’ हे सगळे खोटे बोलतात, असे एकदा ठरले की त्यांच्याकडून येणारा प्रत्येक पुरावा कटाचाच भाग ठरतो. स्वतःच्या प्रयोगालाही यातून सुटका नसते. ‘बिहाइंड द कर्व्ह’ (२०१८) या माहितीपटात सपाटवाद्यांचा एक गट सुमारे २० हजार डॉलरचे संवेदनशील उपकरण आणतो. पृथ्वी स्थिर आहे, हे त्यांना दाखवायचे असते. उपकरण मात्र तासाला १५ अंश सरक दाखवते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, तेव्हा नेमकी एवढीच सरक अपेक्षित असते. पण गट निष्कर्ष स्वीकारत नाही, वेगळे कारण शोधू लागतो. शिवाय या समूहात माणसाला मित्र मिळतात, मान मिळतो, ‘जगाला न कळलेले मला कळले’ हे समाधान मिळते. मत सोडणे म्हणजे हे सारे गमावणे. कॅम्पानेलाला त्याचा अनुभव आलाच.

आपण तरी वेगळे कसे?

हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. बहुतेकांनी पृथ्वी गोल असल्याचे तपासलेले नाही. पाठ्यपुस्तकात वाचले, परीक्षेत लिहिले. म्हणजे आपलेही मत विश्वासावरच उभे आहे. फरक इतकाच, की या विश्वासाची कुणालाही, कधीही परीक्षा घेता येते. ध्रुवतारा दिल्लीतून क्षितिजापासून सुमारे साडेअठ्ठावीस अंशांवर, मुंबईतून १९ अंशांवर, तर कन्याकुमारीतून जेमतेम आठ अंशांवर दिसतो. विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे गेले, की दिसेनासाच होतो. कोकणच्या किनाऱ्यावर उभ्या माणसाचे क्षितिज पाच किलोमीटरच्याही आत असते. दूर जाणाऱ्या जहाजाचा खालचा भाग आधी नाहीसा होतो, तो त्यामुळेच. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली नेहमी गोलाकारच पडते. यातले किती आपण मुलांना दाखवतो आणि किती नुसते पाठ करून घेतो?

यात धोका काय?

पृथ्वी सपाट मानल्याने कुणाचे फारसे बिघडत नाही, म्हणून त्यावर हसणे सोपे आहे. पण ‘सगळे तज्ज्ञ विकले गेले आहेत’ हीच विचारपद्धती लशीला, औषधाला, हवामान बदलाला लागू झाली की हसण्यासारखे काही राहत नाही. करोनाकाळात ते जगाने पाहिले. अशा माणसाला वेड्यात काढले की, जिथे त्याला मान मिळतो, त्या गटातच तो आणखी घट्ट रुततो. ‘कोणता पुरावा दिसला तर तू मत बदलशील?’ हा प्रश्न त्याला शांतपणे विचारणे अधिक उपयोगाचे. पुढे आलेला संदेश आपल्या मताशी तंतोतंत जुळतो म्हणून तो पुढे ढकलण्यापूर्वी हाच प्रश्न स्वतःलाही विचारावा. ज्या मताकडे याचे उत्तरच नाही, ते पृथ्वी गोल मानणाऱ्याचे असले तरी तपासून पाहिलेले नसते.