सौर पंपाची परीक्षा सकाळच्या उन्हात व्हावी

भाताची कापणी आटोपली की माणगाव तालुक्यातील शेतकऱ्यांचे लक्ष वाल, चवळी व कलिंगडाकडे वळते आणि विहिरीवरील पंपाची निकड भासू लागते. २०१९ ची पीएम-कुसुम योजना आणि २०२४ ची राज्य शासनाची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना यांमुळे सौर पंप आता खेडोपाडी परिचयाचा झाला आहे. परंतु भर दुपारी पाण्याची धार पाहून समाधान मानणे योग्य नव्हे.

अनेक सौर पंपांची मोटार कायम चुंबकाची असते. तिच्या फिरत्या भागात चुंबकत्व निर्माण करण्यास वीज खर्ची पडत नाही, हा तिचा मोठा गुण. मात्र चुंबक क्षणोक्षणी कोठे आहे हे कळल्याखेरीज नियंत्रकास योग्य गुंडाळीत प्रवाह सोडता येत नाही. पाण्यात बुडालेल्या मोटारीत त्यासाठी संवेदक बसविणे म्हणजे बिघाडाची आणखी एक जागा निर्माण करणे होय. म्हणून गुंडाळीत उत्पन्न होणाऱ्या उलट विद्युतदाबावरून नियंत्रक ती जागा ताडतो. हा दाब वेगाच्या प्रमाणात असतो. मिनिटास ३,००० फेऱ्यांना ३०० व्होल्ट उत्पन्न करणारी मोटार ३०० फेऱ्यांना अवघे ३० व्होल्ट देते; उभी असता काहीच नाही. त्यामुळे आरंभी नियंत्रक मोटारीस जणू डोळे झाकून ओढतो. त्याच वेळी धुके वा ढग आल्यास शक्ती अपुरी पडते, मोटार थबकते व पुन्हा प्रयत्न करावा लागतो.

उभ्या मोटारीत सूक्ष्म, जलद कंपनांचा विद्युतदाब सोडून चुंबकाची जागा शोधण्याची सुधारित पद्धत उपलब्ध आहे. ती सर्वच रचनांच्या मोटारींना सारखी लागू पडत नाही. साध्या पंख्याच्या पंपावर आरंभी भार हलका असतो. तेथे अपयश त्वरित ओळखून संथपणे पुन्हा सुरू करणारा नियंत्रक पुरेसा ठरतो. अधिक खर्चाचा आग्रह अनाठायी होय. मळसूत्री पंपास मात्र पहिल्या फेरीपासूनच जोर लागतो. तेथे ही सुधारणा निश्चित मोलाची आहे.

मोटार व नियंत्रक ही जोडी होय, हेही ध्यानी असावे. नियंत्रकाचे अनुमान त्याच मोटारीच्या गुंडाळीच्या व चुंबकाच्या मापांवर बेतलेले असते. दुरुस्तीच्या वेळी भलताच नियंत्रक जोडून वेळ भागविल्यास पंप दुपारी चालेल, पण सकाळी अडेल. तेव्हा पंप ताब्यात घेण्यापूर्वी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो कोवळ्या उन्हात सुरू करून पाहावा, कितव्या प्रयत्नात चालला हे नोंदवावे आणि मग सही करावी.