मैदान कधी सोडावं?



मुलं कॉलेजात गेली, फीचे चेक फाटू लागले, की आपल्यासारखे क्रिकेटवालेही शनिवारी दुपारी त्या कॉलेजच्या रंगाचा शर्ट घालून फुटबॉलपुढे बसतात. आम्हीही त्यातलेच. हंगाम संपला की एक प्रश्न हमखास चघळला जातो: अमुक कोच आणखी किती वर्षं? हरणाऱ्याचं सोपं असतं, त्याला युनिव्हर्सिटीच नारळ देते. जिंकणाऱ्यानं मात्र उठायचं कधी?

अलाबामाच्या बेअर ब्रायंटनी ३२३ विजयांनंतर, वयाच्या ६९व्या वर्षी निवृत्ती घेतली. त्यांचा शेवटचा सामना २९ डिसेंबर १९८२ला झाला आणि २६ जानेवारी १९८३ला ते हृदयविकारानं गेले. मध्ये अवघे २८ दिवस! उलट फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडेन ऐंशी वर्षांचे होईपर्यंत राहिले. २००९मध्ये संघ १३ पैकी ७ सामने जिंकला. वारसदार आधीच नेमलेला होता. अखेर त्यांना जावंच लागलं.

नेब्रास्काच्या टॉम ऑस्बर्न यांचं आम्हांला कौतुक वाटतं. १९८५ साली त्यांची बायपास झाली होती. १९९७च्या हंगामात संघ एकही सामना हरला नाही, आणि तेव्हाच, साठाव्या वर्षी, त्यांनी आपले जुने सहायक फ्रँक सोलिच यांच्या हाती संघ सोपवला. पुढे ते तीनदा काँग्रेसवर निवडून गेले. म्हणजे दुसरी इनिंगसुद्धा खेळले!

विजय मर्चंट यांचं सूत्र आपल्याला पाठ आहे: लोक ‘का?’ विचारतात तेव्हा जावं, ‘का नाही?’ विचारेपर्यंत थांबू नये. गावसकर १९८७ साली बंगलोरला शेवटच्या कसोटी डावात ९६ करून गेले, ते तसेच. पण फुटबॉल कोचचं एवढ्यानं भागत नाही. त्याला दरवर्षी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या घरी जावं लागतं. दिवाणखान्यात आईवडिलांसमोर बसून “तुमचा मुलगा माझ्या स्वाधीन करा,” असं सांगावं लागतं. कोचचे केस पांढरे झाले की आईबाप विचारणारच, “चार वर्षं तुम्ही असाल ना?”

सात राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवलेले निक सेबन जानेवारी २०२४मध्ये, ७२व्या वर्षी, अलाबामातून निवृत्त झाले. नवे खेळाडू आणि सहायक कोच आणखी काही वर्षांची हमी मागत होते आणि ती प्रामाणिकपणे देणं त्यांना जड जाऊ लागलं होतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. आम्हांला यात सगळं उत्तर दिसतं. विजय मोजत बसलं तर थांबायचा दिवस कधीच उजाडत नाही. समोरच्याला दिलेला शब्द पाळता येणार नाही असं आतून वाटू लागलं, की वेळ झाली.

आता आपल्याकडे पाहू. आपल्यातले कितीतरी जण साठी ओलांडूनही “अजून दोन वर्षं” म्हणत कामावर जाताहेत. कुणाचं दुकान आहे, कुणाचा दवाखाना, कुणी मंडळाचं खजिनदारपद सोडत नाही. तब्येत ठीक आहे, काम आवडतं, मग का सोडायचं? बरोबरच आहे. पण आपणही काही शब्द दिलेले असतात. “निवृत्त झालो की चार महिने पुण्याला राहू,” असं हिला सांगितलेलं असतं. “पुढच्या वर्षी नक्की येतो,” असं तिकडे वाट पाहणाऱ्या आईला फोनवर दर दिवाळीला सांगितलेलं असतं. त्या आईचं वय मोजा, म्हणजे आपल्या ‘दोन वर्षां’चा हिशेब लागेल.

तेव्हा या रविवारी चहा घेताना दोघांनी मिळून एक साल ठरवावं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागं लिहून ठेवावं. मंडळाच्या खजिनदारांनीही!